कुंभवीची साक्ष

दुपारी एकच्या सुमाराला वैजयंता होडगे नदीवरून घरी यायची, चपला अंगणात झटकायची आणि पाय धुवायच्याही आधी सोप्याकडे तोंड करून विचारायची, "तुझं किती?"

सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीत, खुर्चीवर पाय लांब करून बसलेली तिची लेक शर्वरी पोटावर हात ठेवून म्हणायची, "दहा. साडेअकरालाच झाले. तुझं?"

"एकसष्ट."

"अगं बाई! म्हणजे आजही तूच जिंकलीस."

मग दोघी हसायच्या. शर्वरीला आठवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, आणि नवरा परदेशात कामाला, म्हणून ती पाचव्यातच पुण्याहून आईकडे येऊन राहिली होती. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी तिला बजावलं होतं की रोज नाश्ता झाला की बाळाच्या लाथा मोजायच्या. दुपारी एकच्या आत दहा भरल्या तर निर्धास्त जेवायचं. नाही भरल्या तर ताट बाजूला सारायचं आणि तडक दवाखाना गाठायचा. म्हणजे लेक सोप्यात बसून लाथा मोजायची आणि आई नदीकाठी टाचण्या.

आता ही टाचण्यांची मोजणी काय भानगड आहे ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यातूनच घडलं.

टाचणी म्हणजे चतुर नावाच्या उडत्या किड्याची चुलत बहीण. चतुर बसतो तो पंख पसरून, टाचणी बसते ती पंख मिटून, पाठीवर उभे धरून. कुंभवी नदीकाठची टाचणी मात्र जातीतली थोराड. मधल्या बोटाएवढी लांब, पंख हिरवेगार, उन्हात बघावं तर डोळे दिपतात. वाहत्या पाण्यातल्या दगडावर बसून मधूनमधून पंख उघडते नि मिटते. गावात तिला पाणनवरी म्हणतात. खरं तर असे मिरवणारे सगळे नर असतात. मादी बिचारी मातकट, पानाआड बसलेली. पण नाव पडलं ते पडलं.

तिचं लहानपण पाण्यात जातं, चांगलं वर्षभर. पिल्लाच्या शेपटीला पानासारखे तीन कल्ले असतात, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. त्यांतून ते पाण्यातला प्राणवायू घेतं. पाण्यात काही वाईट आलं, रात्रीत येऊन सकाळपर्यंत वाहूनही गेलं, तरी ते आधी त्या पापुद्र्याला डसतं आणि पिल्लू मरतं. पाणी तपासायच्या यंत्राचं तसं नाही. यंत्र बुडवाल त्या घडीचंच पाणी सांगतं, आणि नदीऐवजी चांगल्या पाण्याच्या बादलीत बुडवलं तरी बिनतक्रार सांगतं. अशी बादलीत बुडवलेली यंत्रं राज्यात ठिकठिकाणी सापडली तेव्हा मोठा गदारोळ झाला आणि साक्ष कायदा आला. नदीची साक्ष नदीतल्या जिवानंच द्यायची. शंभर पावलांच्या पट्ट्यात चाळीसच्या वर पाणनवऱ्या दिसल्या तर पाणी निर्मळ. ते वाळूतून गाळायचं आणि थेट नळाला सोडायचं. चाळीसच्या खाली गेल्या की नळ बंद, आणि वरच्या अंगाचे कारखानेही बंद.

मोजायला आधी कॅमेरे लावून बघितले. एका हुशार कारखान्यानं तारांवर प्लास्टिकच्या टाचण्या लटकवल्या! मग ठरलं की माणसाचाच डोळा हवा, आणि तोही काठावरच्या बाईचा, जी तेच पाणी पिते. या मोजणाऱ्या बायकांनी आपणहून एक रीत पाडली, आणि ती पुढं नियमातच गेली. वर्षाच्या शेवटच्या मोजणीला मोजणारणीनं सगळ्यांदेखत आपल्या पट्ट्यातलं ओंजळभर पाणी प्यायचं. ओंजळ घेतल्याशिवाय आकडा मान्य नाही.

वैजयंतानं, म्हणजे गावाच्या वैजाक्कानं, अकरा वर्षं ओंजळ घेतली होती. नवऱ्याचं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा ती मोजणीला हजर होती. "माणसं खोटं बोलत्यात, पाणनवरी न्हाई बोलत," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला ठणकावून सांगायची. तिच्या मागं काठाकाठानं फिरताना शर्वरीला किड्यांचं वेड लागलं, आणि पोरगी शिकत शिकत पुण्याच्या प्रयोगशाळेत जनुकांवर काम करायला लागली. वैजाक्काला त्याचा कोण अभिमान!

सगळं सुरू झालं तीन उन्हाळ्यांपूर्वी. त्या वर्षी असं ऊन पडलं की कुंभवीत पाय घातला तर आंघोळीचं पाणी वाटावं. पाणी घाण नव्हतं, नुसतं तापलं होतं. कोमट पाण्यात प्राणवायू टिकत नाही. पिल्लं दगडाखाली गुदमरून मेली आणि मोजणीचा आकडा आला तेवीस. कायदा कारण विचारत नाही. नळ बंद झाला. चार महिने सगळा गाव टँकरमागं पळत होता. गावाच्या वर, घाटाच्या पायथ्याला, जुन्या गाड्यांच्या बॅटऱ्या फोडून धातू काढायचा कारखाना होता, तोही बंद पडला आणि तिथली पोरं घरी बसली. गाव वैजाक्काकडं असं बघायला लागलं की जसं काही तिनंच ऊन पाडलंय.

तिला लोकांचं एवढं नव्हतं. तिला टाचण्यांचं होतं. "माझ्या डोळ्यांदेखत मराय लागल्यात गं त्या," असं म्हणून ती फोनवर लेकीजवळ हमसून हमसून रडली.

शर्वरी दिवाळीला आली ती स्टीलचा जेवणाचा डबा घेऊन. डब्यात ओल्या कापडात लव्हाळ्याच्या काड्या, आणि काड्यांच्या आत अंडी.

"आई, वाळवंटातल्या गरम झऱ्यांत हिची एक लांबची बहीण राहते," शर्वरी म्हणाली. "तिच्या अंगात एक प्रथिन असतं, राखणदारासारखं. उन्हानं पेशी बिघडायला लागल्या की ते त्यांना सावरून धरतं. आपल्या पाणनवरीतही त्याचं जनुक आहे, पण निजलेलं. मी ते फक्त जागं केलं."

"मग सरकारला सांग की."

"परवानगीला सहा वर्षं जातील. तोवर एकही उरणार नाही. आणि न विचारता सोडलं तर सात वर्षं कैद." ती थांबली. "ही पिल्लं ओळखायची कशी सांगते. जुन्यांचे कल्ले पांढरे असतात, यांचे तांबूस."

वैजाक्का क्षणभरही थबकली नाही. तिनं डबा पदराखाली घेतला. सकाळच्या उन्हात दोघी नदीवर गेल्या आणि आपल्या हातानं तिनं एकेक काडी दगडांच्या फटीत रोवली. लेकरू पाळण्यात घालावं तशी. चांगल्यासाठीच केलं, यात काडीची शंका नाही.

पुढच्या वर्षी आकडा आला अठ्ठेचाळीस. मग पंचावन्न. यंदा एकसष्ट, आणि शेजारच्या तीन नद्यांवरही पाणनवऱ्या वाढल्याची बातमी. नळ वाहता, कारखाना चालू, गाव खूश.

"अक्का, एक इचारू?" मोजणीच्या वाटेवर एकदा शालन म्हणाली. शालन ही वैजाक्काची जोडीदारीण. पस्तिशीची, तोंडानं फटकळ, डोळ्यानं घारीसारखी. "औंदा पावसाळाभर एक खेकडा गावला न्हाई. धनी बत्ती घिऊन जात्यात न् मोकळ्या हातानं माघारी येत्यात."

"खाऊन संपवलं असतील तुमीच. दर सालाला हंडा भरून कालवण करताय."

"चेष्टा न्हाई वो! मासळी बी न्हाई. आन् माझ्या बोटास्नी सांजचं मुंग्या येत्यात, ते येगळंच."

वैजाक्कानं आपली बोटं चोळली. मुंग्या तिच्याही बोटांना येत होत्या. तिनं ते वयावर ढकललं होतं.

पण एकदा मनात किडा शिरला की शिरला. दुसऱ्या दिवसापासून ती टाचण्या सोडून बाकीचं बघायला लागली, आणि बाकीचं काही नव्हतंच. पाण्यावर सुळसुळणाऱ्या निवळ्या नव्हत्या. दगडांवर शेवाळ नव्हतं, पाय घसरत नव्हता. खंड्या पक्षी वर्षानुवर्षं ज्या फांदीवर बसायचा ती फांदी रिकामी होती. सगळी नदी गप्प, आणि त्यात पाणनवऱ्या तेवढ्या पंख उघडतायत नि मिटतायत.

घरी येऊन तिनं शर्वरीला सहज विचारल्यासारखं केलं, "काय गं, पाण्यात दुसरं कायबी नसलं, तर ही पिल्लं खात्यात तरी काय?"

शर्वरी लोकरीचं टोपडं विणत होती. "एकमेकांना," ती म्हणाली, आणि मग सुया खाली ठेवून आईकडं बघत राहिली. "का? असं का विचारतेस?"

"उगंच."

चार दिवसांनी, कोणाला न सांगता, वैजाक्का काठाकाठानं वर चालत गेली. कारखान्याच्या भिंतीखाली करवंदीच्या जाळीत एक पाइप उघडा पडला होता. कुणी कापलेला दिसत नव्हता, कुणी जोडलेलाही दिसत नव्हता. त्यातून बोटभर धार येत होती. गंजक्या लोखंडासारखा वास. धारेखाली पिवळट फेस साचलेला, आणि पाइपच्या तोंडावर, ऐटीत, एक पाणनवरी. खाली फेसात बुडालेल्या काडीवर मादी अंडी घालत होती.  वैजाक्का तिथंच जाळीला धरून उभी राहिली, काटे हाताला टोचले तरी तिला कळलं नाही.

गावाच्या वर भैरीची देवराई आहे. तिथला झरा कड्यावरून पडतो, त्यामुळं नदीतलं काही वर चढत नाही. त्या झऱ्यात जुन्या वंशाची पिल्लं उरली होती, फार तर विसेक. शेवटचीच म्हणायची. वैजाक्कानं त्यातली सहा हळूच पानात धरून आणली. कल्ले पांढरे. नदीतली सहा आणली. कल्ले तांबूस. चिनी मातीचे दोन वाडगे घेतले आणि दोन्हींत पाणी भरलं. नदीवरचं नव्हे, स्वयंपाकघरातल्या नळाचं. लेक पाचव्या महिन्यापासून जे पीत होती ते.

तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. त्या दिवशी ती मोजणीला गेलीच नाही. वाडग्यांपाशी पाट टाकून बसली.

एक वाजता शर्वरी आत आली. "आज उलटं झालं की! मीच विचारते. तुझं किती?"

"सहा," वैजाक्का म्हणाली.

"सहा? फक्त?"

"सहा मेली. पांढऱ्या कल्ल्याची समदी." तिनं वाडगा पुढं सरकवला. "आपल्या नळाचं पानी हाय, शरू."

शर्वरी भिंतीला टेकून खाली बसली. दुसऱ्या वाडग्यातली सहा पिल्लं मजेत होती. त्यातल्या एकानं दुसऱ्याची मान धरली होती. शर्वरी बोलायला लागली तेव्हा तिचा आवाज शाळेत उभं राहून धडा म्हणणाऱ्या पोरीसारखा एकसुरी झाला होता.

"ते राखणदार प्रथिन उन्हापासून वाचवतं, आई. पण ते एकटं जागं होत नाही. त्याच्या शेजारी दुसरं एक निजलेलं असतं, ते धातू धरून ठेवणारं. विषारी धातू पेशीत शिरला की हे त्याला मिठी मारतं आणि बांधून टाकतं. मी एकाला हाक मारली, दोघं उठले. आता पाण्यात कितीही धातू येऊ दे, यांना काही होत नाही. मी फक्त ऊन तपासलं. ऊनच तपासलं गं! माझ्या डोक्यात दुसरं आलंच नाही."

तिचा हात पोटावर गेला. वैजाक्कानं ते बघितलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला लेकीकडं बघवेना.

नळाच्या पाण्याचा नमुना पुण्याला गेला. शर्वरीच्या मैत्रिणीनं तिसऱ्या दिवशी फोन केला: कॅडमियम, निकेल, मर्यादेच्या अठरापट. डॉक्टरीणबाईंनी रक्त घेतलं, नळाचं पाणी त्या क्षणाला बंद करायला सांगितलं. बाळाचं काय, असं विचारल्यावर त्या नुसतं एवढंच म्हणाल्या, "लाथा चुकवू नका. एकही दिवस."

वैजाक्का अहवालाचा कागद घेऊन तालुक्याला मगदूमसाहेबांकडं गेली. मगदूम हे साक्ष कायद्याचे निरीक्षक. माणूस वाईट नव्हता. त्यांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढून पुसला, आणि म्हणाले, "बाई, कायद्यात टाचणी आहे. कागद नाही."

"पर साहेब, पानी खराब हाय!"

"खराब असतं तर टाचण्या मेल्या असत्या. तुमच्या तर एकसष्ट आहेत! जिल्ह्यात पहिला नंबर." मग आवाज उतरवून ते म्हणाले, "हां, आता टाचणीच बदललीय असं कोणी सिद्ध केलं, तर गोष्ट निराळी. मग साऱ्या जिल्ह्याच्या मोजण्या रद्द होतील. पण ती बदलली कुणी, हे आधी सांगावं लागेल. आहे का कोणी सांगणारं?"

 वैजाक्का तशीच उठली आणि बसस्टँडवर येऊन तीन गाड्या सोडून बसून राहिली.

घरी आल्यावर ती म्हणाली, "मी सांगन. तुझ्या प्रयोगशाळेतनं डबा मी चोरला म्हणून."

"तुला जनुक म्हणजे काय ते तरी सांगता येईल का, आई?"

"मग शिकीव मला! अजून आठ दिवस हाईत ओंजळीला." तिनं शर्वरीचे दोन्ही हात धरले. "तुला आत घातलं तर हे लेकरू कुणाच्या अंगावर पिणार? सांग की!"

 आठ दिवस, दुपारची जेवणं झाल्यावर, शर्वरी वहीत चित्रं काढून आईला शिकवत होती, आणि वैजाक्का ओठ हलवत पाठ करत होती. पेशी. जनुक. प्रथिन. सारखं सारखं विसरत होती.

ओंजळीचा दिवस उजाडला तो स्वच्छ उन्हाचा. नदीच्या उतारावर सगळा गाव जमला होता. हलगी होती, पेढ्याचे पुडे होते. कारखान्याकडून आलेल्या दोन माणसांनी फेटे बांधून घेतले होते. वैजाक्कानं शर्वरीला घरातून हलायचं नाही म्हणून दरडावून ठेवलं होतं. तिच्या हातात कापडी पिशवी होती, पिशवीत झाकणाचा डबा आणि पांढरा वाडगा. पहाटेच ती देवराईत जाऊन आली होती.

साडेदहाला मगदूमसाहेबांनी वही उघडून आकडा वाचला. "एकाहत्तर! आजवरचा सगळ्यात मोठा." हलगी कडाडली. वैजाक्का गुडघाभर पाण्यात उतरली. वाकली, ओंजळ भरली, वर उचलली. हलगी थांबली. तिच्या मनगटावर एक पाणनवरी येऊन बसली, तशी बायकांत हसू फुटलं.

तिनं बोटं उघडली. पाणी खाली पडलं.

"मी न्हाई पिणार," ती म्हणाली.

"अक्का?" शालन काठावरून ओरडली. "बरं न्हाई काय?"

"पानी नासलेलं हाय. नळाचं, नदीचं, समदं. वरनं धातू येतोय." ती काठावरच्या लोकांकडं वळली. "आजवर ही पाणनवरी मरून सांगायची आपल्याला. तेवढीच तिची साक्ष हुती. आमी तिचं मरनच काढून घेतलं. आता ती कायबी सांगत न्हाई, नुसती दिसती."

फेट्यातला एक माणूस हसला. "आम्ही म्हणजे कोण, बाई?"

"मी. मी बदललेली अंडी आणून सोडली. पुण्यासनं चोरून. त्यांच्यात ते... ते प्रथिन..." आणि आठ दिवस घोकलेलं सगळं तिच्या डोक्यातून उडून गेलं. ती नुसती उभी राहिली, ओल्या हातांनी.

कुजबूज वाढली. पण सगळ्यांत आधी भडकली ती शालन.

"पुन्ना नळ बंद करतायसा व्हय, अक्का? त्या उन्हाळ्याला टँकरमागं घागरी उचलून उचलून माझं चार म्हयन्याचं पोट पडलं. तुमीच हुतासा माझ्या उशाला. इसरलासा?" तिचे डोळे भरून आले होते. "न्हाई प्यायचं तर नगा पिऊ. नियमात कुनीबी मोजणारीन चालतीया. मी पिते!"

"शालन, नगं! शालन, माझं ऐक!"

वैजाक्का पाण्यातून धडपडत तिच्याकडं गेली, पण शालन उतरलीसुद्धा होती. एक ओंजळ प्याली. मग सगळ्यांकडं बघून दुसरी प्याली. तोंड पुसलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मगदूमसाहेबांनी शिक्का बाहेर काढला.

"साहेब, थांबा." वैजाक्कानं काठावरच्या दगडावर वाडगा ठेवला. "शिक्का कुठं पळून जात न्हाई. मला एक वाजूस्तवर येळ द्या. अकरा वर्सात मी तुमाला कवा कायबी मागितलं काय?"

मगदूम घुटमळले. मग शिक्का खिशात टाकला.

तिनं डबा उघडला. पांढऱ्या कल्ल्यांची सहा पिल्लं, "ही देवराईतली, जुन्या वंशाची," असं सगळ्यांना सांगत वाडग्यात सोडली. वरून, शालन जिथं ओंजळ भरून प्याली होती तिथलंच पाणी घातलं. झऱ्यात आता आठनऊच उरली होती. वाडग्यात पाणी ओतताना ती मनातल्या मनात त्या पिल्लांची माफी मागत होती.

बाराच्या सुमाराला पायवाटेवर शर्वरी दिसली. एक हात कमरेवर, एक पोटावर, दर दहा पावलांना थांबत. वैजाक्का धावली. "माघारी जा! तुला सांगितलं हुतं ना मी!"

"तुला प्रथिनाचं काही सांगता आलं नसेल," शर्वरी म्हणाली. ती मगदूमसाहेबांपुढं जाऊन उभी राहिली. "डबा चोरीचा नव्हता. मी दिला. ही टाचणी मी बनवली. लिहून घ्या. आणि शेजारच्या तीन नद्यांचीही नावं लिहा, तिथंही हीच पोचलीय."

मगदूमसाहेबांनी पेन उघडलं, पण लिहिलं नाही. "तिथं तर आज सकाळीच ओंजळी झाल्या," ते हळूच म्हणाले.

 हलगीवाल्यानं हलगी खाली ठेवली. माणसं वाडग्याभोवती दाटली. शालन सगळ्यांना ढकलून पुढं आली आणि वाडग्यावर वाकून बसली. एक पिल्लू उलटं झालं, त्याचे पांढरे कल्ले गळून पडल्यासारखे झाले. शालननं सवयीनंच बोट पुढं केलं.

"एक," ती म्हणाली.

थोड्या वेळानं, "दोन."

वर्षानुवर्षं जिवंत टाचण्या मोजत आलेली बाई. तीन आणि चारला ती वाडग्यावर आणखी वाकली. पाचला तिनं पदर तोंडात धरला. सहावं पिल्लू बराच वेळ वाडग्याच्या कडेकडेनं चढायला बघत होतं. "चढ की रं," ती पुटपुटली. "चढ, माझ्या राजा." ते घसरलं आणि पुन्हा हललं नाही. शालननं सहा म्हटलं नाही. ती उठली, चार पावलं बाजूला गेली आणि घशात बोटं घालून ओकायला लागली. फेट्यातली दोन्ही माणसं केव्हाच निघून गेली होती.

वैजाक्कानं शालनची पाठ धरली. ती धरता धरता तिनं मान वळवून लेकीला शोधलं. शर्वरी उंबराखाली दगडावर बसली होती, दोन्ही हात पोटावर, मान खाली, कान देऊन ऐकत असल्यासारखी. मगदूमसाहेबांच्या हातातल्या घड्याळात सव्वा वाजला होता.

"शरू," वैजाक्कानं हाक मारली. "तुझं किती?"

शर्वरीनं मान वर केली.  मग तिनं हात उचलून चार बोटं दाखवली.

"मगदूमसाहेब!" वैजाक्का किंचाळली. "ती वही टाका आन् गाडी काढा!"